नानांच्या एफडी आणि तारीख नसलेला ठराव

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमची पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या नळ्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. पप्पा आणि मोठे काका (आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो) यांनी १९९६ मध्ये सुरू केली. चार वर्षांपूर्वी पप्पा गेले. आता नानांचे ५० टक्के शेअर, आईचे २०, माझे २० आणि आत्याचे १०. डायरेक्टर तिघं : नाना, त्यांचा मुलगा म्हणजे दादा, आणि पप्पांच्या जागी मी. मी धुळ्याला कॉलेजात शिकवते. कागद व्हॉट्सॲपवर येतात, मी सही करून पाठवते.

कंपनीकडे साडेअकरा कोटी रोख आहेत, बहुतेक एफडीत. पप्पा गेल्यापासून एक रुपया लाभांश नाही. विचारलं की नाना म्हणतात, वाईट दिवसांसाठी ठेवलेत. आता दादा आणि नाना यांच्या प्लॉटिंगच्या भागीदारी फर्मला कंपनीने ४ कोटी कर्ज द्यायचा ठराव आलाय. आखाजीला माहेरी गेले तेव्हा विषय काढला, तर नाना म्हणाले, "आपलीच कंपनी शे, कोणले इचारनं?" काकू म्हणाल्या, माहेरपणाला आलीस का हिशेब मागायला? आईचं घर सध्या माझ्या पगारावर चालतं. सही करू का? आणि ताळेबंदात १४ कोटी रिझर्व्ह वेगळे दिसतात, म्हणजे एकूण साडेपंचवीस कोटी आहेत का? कंपनीने एवढ्या पैशाचं करायला काय हवं? की मीच हावरटपणा करतेय?
– एक वाचक, धुळे

ताई,

सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू.

ठरावाचा फोटो तुम्ही सोबत पाठवलात ते बरं केलंत. मजकूर आहे साडेतीन ओळींचा : "कंपनीकडील अतिरिक्त निधीतून" चार कोटी "परस्पर संमतीने ठरेल त्या व्याजदराने व मुदतीने" देण्यास "सर्व संचालकांची मान्यता आहे." बैठकीची तारीख रिकामी, ठिकाण रिकामं, आणि खाली तिघांच्या नावांपुढे रेघा. दादांनी आपल्या रेघेवर सही करून टाकली आहे. व्याज किती, फेड कधी, तारण काय, प्लॉट विकले गेले नाहीत तर काय, यातलं काहीच नाही. 'अतिरिक्त' हा शब्द मात्र बिनदिक्कत आहे. अतिरिक्त किती, हे कधी कोणी मोजलं? तुमच्या पत्रावरून तरी कोणीच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. कंपनी कायदा २०१३ चं कलम १८५ सांगतं की कंपनीने आपल्या संचालकाला, त्याच्या नातेवाइकाला, किंवा संचालक वा त्याचा नातेवाईक जिथे भागीदार आहे अशा फर्मला कर्ज द्यायचं नाही. तुमच्या प्रकरणात भागीदार दोन्ही तुमचे संचालकच. खासगी कंपन्यांना यातून २०१५ पासून एक सवलत आहे आणि नानांचे सल्लागार तिचाच आधार घेतील, म्हणून ती नीट समजून घ्या. तिच्या तीन अटी आहेत : भागभांडवलात दुसऱ्या कुठल्या कंपनीचा पैसा नसावा, परतफेडीत थकबाकी नसावी, आणि बँका वगैरेंकडून घेतलेली उसनवारी भरणा झालेल्या (म्हणजे भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या) भांडवलाच्या दुपटीपेक्षा किंवा ५० कोटींपेक्षा, यातलं जे कमी असेल त्यापेक्षा, कमी असावी. तुमचं भरणा झालेलं भांडवल १ कोटी. दुप्पट म्हणजे २ कोटी. आणि तुम्हीच पाठवलेल्या ताळेबंदात बँकेच्या सीसीची (कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज) बाकी साडेतीन कोटी दिसते. म्हणजे सवलत गेली. ही अट मोडून कर्ज दिलं तर कंपनीला ५ ते २५ लाख दंड आहे, आणि दोषी संचालकाला तेवढाच दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. संचालक तुम्हीही आहात. "मी नुसती सही केली" हे तिथे चालत नाही.

कलम १८६ तुमच्या जास्त कामाचं. कंपनीने कोणालाही कर्ज द्यायचं तर ठराव संचालक मंडळाच्या बैठकीतच व्हावा लागतो, आणि हजर असलेल्या सगळ्या संचालकांची त्याला संमती लागते. बहुमत पुरत नाही. म्हणजे तुम्ही बैठकीला जाऊन "नाही" म्हटलंत की कर्ज तिथेच अडलं. कर्जाचा ठराव व्हॉट्सॲपवर फिरवून करता येत नाही, आणि बैठकीची नोटीस प्रत्येक संचालकाला किमान सात दिवस आधी लेखी द्यावी लागते. व्याजही तितक्याच मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या परताव्याहून कमी ठेवता येत नाही, त्यामुळे 'परस्पर संमतीने' ही पळवाट तशीही बंद आहे.

प्राप्तिकराची बाजू तर नानांनीच ऐकावी अशी आहे. ज्याच्याकडे दहा टक्के किंवा जास्त मतं आहेत अशा भागधारकाची जिथे मोठी भागीदारी आहे, त्या फर्मला घरगुती कंपनीने साठलेल्या नफ्यातून कर्ज दिलं, तर करखातं त्याला कर्ज मानत नाही, लाभांश मानतं. जुन्या कायद्यात हे २(२२)(ई) म्हणून सीएंच्या तोंडी बसलेलं आहे. लाभांश वाटायला नको म्हणून कर्जाचा मार्ग काढायचा आणि कर मात्र लाभांशाचा भरायचा, असा हा व्यवहार होतो. नाना तुमचं ऐकणार नाहीत कदाचित, पण हा मुद्दा त्यांच्या सीएंच्या तोंडून आला तर नक्की ऐकतील. त्या सीएंना भेटाच. ते कंपनीचे सीए आहेत आणि कंपनीच्या एक संचालक तुम्हीही आहात.

मोठ्या कंपन्यांत हा प्रकार देशाने पाहिलेला आहे. १६ डिसेंबर २००८ ला सत्यम कॉम्प्युटर्सच्या मंडळाने प्रवर्तकांच्याच घरच्या दोन कंपन्या, मायटास प्रॉपर्टीज आणि मायटास इन्फ्रा, विकत घ्यायचं ठरवलं. एक जमिनींच्या धंद्यातली, दुसरी बांधकामाच्या. किंमत १.६ अब्ज डॉलर, आणि द्यायची होती सत्यमच्या गंगाजळीतून. गुंतवणूकदारांनी असा गोंधळ घातला की काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की खात्यात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड मुळात नव्हतीच. तुमच्या नानांवर मी असला संशय घेत नाही. त्यांनी तीस वर्षं पाइप विकून पैसा उभा केलाय. पण आयटी कंपनी असो की पाइपची, मुलाच्या जमिनींच्या धंद्यात कंपनीची रोकड वळायला लागली की बाहेरच्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो : आहे ना ती रोकड? म्हणून संचालक या नात्याने सगळ्या एफडींचं बँकेकडून आलेलं शिल्लक-पत्र मागा. कुठल्या एफडीवर बँकेचा बोजा आहे, कुठली मोकळी आहे, हेही त्यात लिहून घ्या. एलसीवर (बँकेच्या हमीवर) रेझिन, म्हणजे पाइपचा कच्चा माल, आणणाऱ्या कंपनीच्या निम्म्या एफडी बँकेकडे तारण असणं अगदी शक्य आहे.

आता साडेपंचवीस कोटींचं.

नाहीत तेवढे. रिझर्व्ह म्हणजे इतक्या वर्षांत कमावलेला पण वाटलेला नाही असा नफा. तो ताळेबंदाच्या एका बाजूला नुसता मोजलेला असतो. ते पैसे सध्या कुठे आहेत हे दुसरी बाजू सांगते. तुमच्याकडे १ कोटी भांडवल, १४ कोटी रिझर्व्ह, साडेतीन कोटी सीसी आणि पुरवठादारांचे देणे ४ कोटी, असे साडेबावीस कोटी जमलेत. त्यातले साडेअकरा रोख आणि एफडीत आहेत, ६ कोटी डीलरांकडे अडकलेत, ३ कोटींचा माल गोदामात आहे आणि २ कोटी प्लॉट-मशिनरीत. चौदा आणि साडेअकरा यांची बेरीज करायचीच नसते. नानांपुढे हा आकडा चुकून बोललात तर पुढची दोन वर्षं "हिला ताळेबंद वाचता येत नाही" एवढंच ऐकावं लागेल, म्हणून सांगितलं.

तर खरा प्रश्न साडेअकरा कोटींचा. इथे मी थोडा नानांच्या बाजूने बोलतो.

पाइपचा धंदा वर्षभर सारखा चालत नाही. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत उठाव. बागायती कापसाची लागवड, मग केळीचा मृगबाग, त्याआधी शेतकऱ्याला नळ्या अंथरायच्या असतात. त्या हंगामासाठी रेझिन आधी घ्यावं लागतं, जवळपास रोखीने, आणि त्याचा भाव कच्च्या तेलाबरोबर वरखाली होतो. डीलर मात्र माल उधारीवर नेतो आणि ठिबकचं अनुदान सरकारकडून सुटेपर्यंत हात वर करतो. २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती मार्चच्या शेवटी, ऐन हंगामात. त्या वेळी ज्यांच्याकडे एफडी होत्या त्यांनी कामगारांचे पगार केले. नानांनी तेव्हा काय केलं ते आईला विचारा, तिला आठवत असेल. ज्या माणसाने असे महिने काढलेत तो रोकड उराशी धरतो, याला मी कंजुषी म्हणणार नाही.

पण उराशी किती धरायची, हे मोजायला हवं, आणि तिथेच घोडं पेंड खातं. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मी ढोबळ हिशेब केला. पगार, महावितरणचं बिल, व्याज, भाडं, असा न टळणारा खर्च महिन्याला ४५ लाख. विक्री शून्य झाली तरी सहा महिने तग धरायचा तर २ कोटी ७० लाख हवेत. हंगामाच्या रेझिनसाठी स्वतःचे अडीच कोटी धरा. २००८ ची एक्स्ट्रूडर लाइन (पाइप काढायची मशिनरी) बदलायची आहे असं तुम्ही लिहिलंय, तिला २ कोटी. झाले ७ कोटी २० लाख. हे पैसे कंपनीत राहायलाच हवेत आणि तुम्ही ते मागूही नयेत. उरतात ४ कोटी ३० लाख. माझे आकडे इकडेतिकडे होतील, नाना म्हणतील सहा नव्हे नऊ महिने धरा. धरू द्या. वाद आकड्यांवर आला की निम्मं काम झालं, कारण आज तो "विश्वास आहे की नाही" यावर अडकलाय.

बघा कसं जुळलं : मोजून उरणारे साधारण चार कोटी, आणि दादांना हवेत तेही चारच कोटी. तुम्हाला "वाईट दिवसांसाठी ठेवलेत" असं सांगितलं जात होतं ते हेच पैसे. पुतणीने विचारलं की ते राखीव असतात आणि मुलाने मागितले की अतिरिक्त होतात, ही गोष्ट नानांना कोणीतरी तोंडावर सांगायला हवी. भाषा तुम्ही ठरवा.

मधल्या एका गोष्टीकडे घरात कोणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. कंपनी एफडीवर सात टक्के मिळवते आणि सीसीवर साडेनऊ टक्के भरते. साडेतीन कोटींवर अडीच टक्क्यांचा फरक म्हणजे वर्षाला पावणेनऊ लाख रुपये नुसते बँकेला भेट. रेझिनसाठी ठेवलेले अडीच कोटी एफडीत कशाला हवेत? ते बिनहंगामात सीसी खात्यातच भरून ठेवा, व्याज तेवढं कमी लागेल, आणि जानेवारी-फेब्रुवारीत माल घ्यायच्या वेळी उचला. लिमिट कुठे पळून जात नाही. वर्षानुवर्षं कर्ज आणि ठेव एकाच बँकेत शेजारी शेजारी ठेवणाऱ्या कंपन्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. मॅनेजर दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन का येतो ते कळलं असेल.

आणि साडेअकरांपैकी सव्वा कोटी पतसंस्थेत आहेत, असंही तुम्ही लिहिलंय. दीड टक्का जास्त मिळतो म्हणून ठेवलेत म्हणता. पतसंस्थांत लोकांचे पैसे अडकलेले पाहिलेल्या जळगावात राहून पतसंस्थेच्या ठेवींबद्दल कोणाला समजावून सांगायची वेळ यावी याचंच नवल वाटतं. ठेव विम्याचं संरक्षण बँकेतल्या ठेवीला आहे, तेही प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत. पतसंस्थेला ते लागूच नाही. वाईट दिवसांसाठी ठेवलेला पैसा वाईट दिवशी मिळायला नको का? मुदत संपली की काढून घ्यायचा, हा ठराव तुम्हीच मांडा. याला नानाही नाही म्हणणार नाहीत, आणि मंडळात तुमच्या नावावर पहिला ठराव लागेल.

फिटिंग बनवून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांची बिलं तीन-तीन महिने थकतात असं तुम्ही ओघात लिहिलंय. ती नोंदणी केलेली सूक्ष्म किंवा लघु उत्पादक युनिटं असतील, तर ४५ दिवसांच्या पुढे थकलेलं बिल त्या वर्षी खर्च म्हणून वजा मिळत नाही, आणि वर चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. अकरा कोटी बँकेत ठेवून शेजारच्या गल्लीतल्या माणसाचे चार लाख अडवायचे, हे मला तरी पटत नाही.

नाना विप्रोचं उदाहरण देतात असं लिहिलंत. अमळनेर-पारोळ्याकडच्या कुठल्याही घरात ते दिलं जाणारच. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून निघालेली कंपनी, १९६६ मध्ये अझीम प्रेमजींच्या हाती आली, पुढे संगणकात शिरली, आणि गावातल्या ज्या लोकांनी शेअर विकले नाहीत ते कोट्यधीश झाले. नानांचा निष्कर्ष असा की पैसा कंपनीतच राहू द्यावा, आपोआप वाढतो. आपोआप काही वाढलं नाही. तिथे नफा नव्या धंद्यात घातला गेला, दर वर्षी छापील अहवालात कुठे घातला ते भागधारकाला कळत होतं, आणि धंद्याला लागतं त्यापेक्षा रोकड जास्त साठली तेव्हा ती भागधारकांना परतही केली गेली. २०१७ मध्ये ११,००० कोटींचं, २०२३ मध्ये शेअरमागे ४४५ रुपयांनी १२,००० कोटींचं बायबॅक झालं, म्हणजे कंपनीने आपलेच शेअर भागधारकांकडून परत विकत घेतले. पारोळा तालुक्यातला एखादा म्हाताराही त्यात आपले शेअर देऊ शकत होता, प्रेमजींना जो भाव त्यालाही तोच. तुमच्या कंपनीत पैसा सात टक्क्यांच्या एफडीत आहे, त्यावर २२ टक्के दराने, अधिभार-उपकर धरून सव्वापंचवीस टक्क्यांच्या आसपास कर जातो, म्हणजे हातात सव्वापाच टक्के. याला विप्रो म्हणत नाहीत.

आता हावरटपणाचं. घरच्या कंपनीत पैसा बाहेर यायचे दोन रस्ते असतात. जो कारखान्यात बसतो त्याला पगार मिळतो, गाडी मिळते, पेट्रोल, मोबाइल, मुलाच्या लग्नाच्या पाहुण्यांसाठी कंपनीचं गेस्ट हाउस. हा सगळा कंपनीचा खर्च, त्यावर कंपनीला करसवलत. जो बाहेर आहे त्याला एकच रस्ता : लाभांश. आणि २०२० पासून लाभांशावरचा कर घेणाऱ्याच्या हातात, त्याच्या स्लॅबने लागतो, म्हणून ज्याला पगार मिळतोच आहे त्याला लाभांश नकोसा असतो. नानांना वाईट वागायचं नसेलही. त्यांना लाभांशाची गरज पडत नाही, इतकंच. पण त्याचा अर्थ असा होतो की पन्नास टक्क्यांचं घर दर महिन्याला जेवतं आणि चाळीस टक्क्यांच्या घरातली विधवा चार वर्षं लेकीच्या पगारावर राहते. यात हावरट कोण, ते मी कशाला सांगू? आणि आत्या? तिच्या दहा टक्क्यांबद्दल तुम्हीही पत्रात एका ओळीपलीकडे गेला नाहीत. तिलाही चार वर्षांत काही मिळालेलं नाही. हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या पिढीतली बाई, ती मागणार नाही. तुम्ही मागाल तेव्हा तिघींसाठी मागा.

मागायचं काय? रक्कम मागू नका, धोरण मागा. शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना सेबीने लाभांशाचं लेखी धोरण जाहीर करणं सक्तीचं केलंय. तुम्हाला ती सक्ती नाही, पण कागद तसाच करता येतो, एका पानाचा : किती महिन्यांचा खर्च राखीव ठेवायचा, मशिनरीसाठी किती, पैसे कुठे ठेवायचे आणि कुठे नाही, आणि उरलेल्या नफ्यातला किती हिस्सा दर वर्षी वाटायचा. पाव हिस्सा ठरला तरी चालेल, पण दर वर्षी. यंदा साठलेल्यातून एकदाच दीड कोटी वाटले तर आईला आणि तुम्हाला मिळून ६० लाख येतात, आत्याला १५, आणि नानांना ७५. त्यांच्या ७५ लाखांतून कर भरून जे उरेल ते त्यांनी खुशाल दादांच्या प्लॉटिंगला द्यावं. तो त्यांचा पैसा, त्यांचा मुलगा. तिथे आपण बोलायचं कारण नाही.

एक मात्र स्पष्ट सांगतो : लाभांश तुम्ही जबरदस्तीने काढू शकत नाही. तो मंडळ सुचवतं, आणि सर्वसाधारण सभा मंडळाने सुचवलेल्यापेक्षा जास्त देऊ शकत नाही. मंडळात तुम्ही तिघांत एक. पण अडवायची ताकद तुमच्याकडे पुरेपूर आहे. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मतं लागतात. आईचे आणि तुमचे मिळून ४० टक्के विरोधात गेले, तर नाना आणि आत्या मिळून ६० टक्क्यांतही विशेष ठराव पास होत नाही. घटनापत्रक बदलायचं असो की मोठं बायबॅक, तुमच्याशिवाय पान हलत नाही. हे नानांना माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही, असं ते धरून चाललेत.

म्हणूनच पुढे एक गोष्ट येऊ शकते, ती आत्ताच सांगून ठेवतो. कोणीतरी आईला म्हणेल, "वहिनी, तुम्हाला पैशाची नड आहे ना, मग कंपनीच तुमचे शेअर परत घेईल, तीन कोटी एकरकमी." ऐकायला उत्तम. कंपनीची १५ कोटींची निव्वळ मालमत्ता, २० टक्के म्हणजे ३ कोटी, बायबॅकची मर्यादा भांडवल आणि मुक्त राखीव निधीच्या २५ टक्के म्हणजे पावणेचार कोटी, सगळं बसतं. पण आईचे २० गेले की शंभरातले ८० उरतात. त्यात तुमचे २० म्हणजे बरोबर २५ टक्के, समोर ६०. साठ हे विसाच्या बरोबर तिप्पट. विशेष ठराव पास. एका सहीत तुमची अडवायची ताकद संपली, आणि पुढच्या वर्षी प्लॉटिंगच्या फर्मची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करून विशेष ठरावाने कलम १८५ मधून सुटायचा रस्ताही मोकळा झाला. शेअर द्यायचेच असतील तर दोघींचे एकदम, स्वतंत्र मूल्यांकन करून, आणि एमआयडीसीतल्या प्लॉटचा आजचा भाव धरून द्या. ताळेबंदात त्याची किंमत १९९६ चीच असेल.

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं दार दहा टक्क्यांच्या भागधारकाला उघडं आहे, तुम्हालाही. पण नुसता लाभांश दिला नाही एवढ्यावर तिथे सहसा काही हाती लागत नाही, मुंबईच्या खेपा मात्र लागतात, आणि आखाजीला माहेर उरत नाही. कलम १८५ मोडून, तुम्हाला नोटीस न देता चार कोटी गेलेच, तर गोष्ट वेगळी. तेव्हा वकील गाठा आणि वेळ घालवू नका.

सध्या नानांना एक ई-मेल पाठवा. व्हॉट्सॲप नको, फोनही नको. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, सरळ लिहा : "नाना, कर्जाच्या ठरावावर मी सही करू शकत नाही. कलम १८५ मध्ये ते बसत नाही असं मला वाटतं, सीए साहेबांचं लेखी मत घेऊ या. मंडळाची रीतसर बैठक बोलवा, मी जळगावला येईन. विषयपत्रिकेवर एफडींचं बँकेचं शिल्लक-पत्र, पतसंस्थेतली ठेव, सीसीची बाकी आणि लाभांशाचं धोरण घ्या. कारखाना तुम्ही आणि पप्पांनी उभा केला, तो पुढेही चालावा एवढंच मला हवं." शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. बैठकीत "नाही" म्हणालात की ते इतिवृत्तात तुमच्या नावासह लिहून घ्या आणि इतिवृत्ताची प्रत हातात पडेपर्यंत उठू नका. चहा दोनदा येईल, येऊ दे.

आणि हे सगळं करण्याआधी एक तपासा. पप्पांचे ४० टक्के शेअर आई आणि तुमच्या नावावर सदस्य नोंदवहीत खरोखर चढलेत का? घरात "आईचे वीस, तुझे वीस" असं बोललं जातं, पण नोंदवहीत अजून पप्पांचंच नाव असेल तर मतं कागदावर नाहीत, आणि वर लिहिलेलं सगळं मताधिकाराचं गणित हवेत राहतं. कंपनीने भरलेलं वार्षिक विवरणपत्र (एमजीटी-७ किंवा एमजीटी-७ए) काढा, त्याला भागधारकांची यादी जोडलेली असते. नावं नसतील तर मृत्यू दाखला आणि वारसाची कागदपत्रं घेऊन आधी नाव चढवायचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि नानांना ई-मेल त्यानंतर पाठवा.